सुपातला कायदा

सुमेधाताई दामल्यांनी फिलिपिन्सचा कायदा हातात घेतला तो निव्वळ भिडेखातर. भीड ही भिकेची बहीण असं म्हणतात. नॉटिंगहॅममध्ये ती शेजारच्याच घरात राहते आणि येताना तळलेल्या नूडल्सचा डबा घेऊन येते.

शेजारच्या घरात मारिटेस राहायची. डॉक्टर शशिकांत दामले ज्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूल द्यायचे, तिथलीच ती नर्स. दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी ती आली, तेव्हा सुमेधाताई किचन टेबलाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. इंग्लंडात तांदूळ निवडावा लागत नाही. तो पिशवीतूनच आंघोळ करून आल्यासारखा निघतो. पण पुण्याहून सूप आणलं होतं, हीथ्रोवरच्या कस्टम्सच्या माणसाला ते टोपी नाही हे पाच मिनिटं समजावून आणलं होतं, आणि तांदूळ निवडल्याशिवाय सुमेधाताईंना विचार करता येत नसे.

"आते," मारिटेस म्हणाली. तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला आते म्हणतात. सुमेधाताईंच्या माहेरी आते म्हणजे आत्याबाई. नातं एक पिढी इकडे की तिकडे, यावर दोघींनी कधी वाद घातला नव्हता. "डॉक्टर सांगत होते, तुम्ही कॉम्प्युटर स्वतःच शिकलात म्हणून."

आता असं कोणी म्हटल्यावर माणसाने काय करायचं? सुमेधाताई कॉम्प्युटर स्वतःच शिकल्या होत्या हे खरं. नवशिक्यांसाठीचं एक जाडजूड पुस्तक आणून, पहिल्या पानापासून, कव्हर घालून. पण आपला नवरा ही गोष्ट चारचौघांत सांगतो हे त्यांना नवीन होतं. त्या एकदम विरघळल्या.

मारिटेसची धाकटी बहीण रोवेना इलोइलोला असायची. कायद्याची पदवी घेतलेली. पण तिकडे वकिली करायची तर बारची परीक्षा. ती सप्टेंबरात चार रविवार चालते आणि माणसाला पिळून काढते. रोवेना मागच्या वेळी थोडक्यात नापास झाली होती. या खेपेलाही नापास झाली, तर मारिटेस तिला इकडे बोलावून घेणार होती, एका नर्सिंग होममध्ये केअरर म्हणून. फॉर्म भरूनसुद्धा ठेवला होता.

"म्हाताऱ्यांचं करणं वाईट नाही, आते. मी तेच करते. पण ती पाच वर्षांची असल्यापासून कोंबड्यांचे खटले चालवत आलीये. इंटरनेटवर म्हणे कायद्याचं सगळं फुकट असतं. निकाल, कलमं, जुने पेपर. चांगलं कुठलं आणि कचरा कुठला, तेवढं जरा बघाल?"

"एवढंच ना!" सुमेधाताई म्हणाल्या. हे दोन शब्द मराठी माणसाच्या तोंडून निघाले की समजावं, आता सहा महिन्यांची निश्चिंती.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. शशिकांतरावांनी आमटीचा भुरका मारला.

"अगं, तुला इथल्या कौन्सिल टॅक्सचं पत्र कळत नाही."

"ते कोणालाच कळत नाही, अहो. लिहिणाऱ्यालाही."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. घरात तेव्हा फोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं. ते सुरू झालं की आधी मांजराची शेपटी दारात अडकल्यासारखा आवाज यायचा आणि मग घरचा फोन मुका व्हायचा. सुमेधाताईंनी शोधलं, तर फिलिपिन्सच्या कायद्याच्या चौसष्ट साइट सापडल्या. चौसष्ट! काही सरकारी, काही कॉलेजांच्या, काही कुणा भल्या वकिलाने रिटायर झाल्यावर काढलेल्या. एकीवर निकाल पुरे होते पण तारखा नव्हत्या. दुसरीवर तारखा होत्या आणि निकाल अर्ध्यावर तुटलेला. तिसरी उघडली की गुलाबाची फुलं पडायची. सुमेधाताईंनी ठरवलं, तांदळासारखं करायचं. एकेक साइट सुपात घ्यायची, खडा दिसला की बाजूला.

खडा पाहायचा तर वाचायला हवं. आणि वाचायला बसल्या, तिथेच त्या फसल्या. नारळाच्या बागेवरून भांडणारे भाऊ, त्यांतला एक तीस वर्षं बोटीवर, स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहून तारीख टाकायला विसरलेली म्हातारी, बायकोला सोडून गेलेला तो गेलेलाच नवरा. एकेका निकालात निम्मं आयुष्य.

"अहो, तिकडे बहुतेकांना घटस्फोट मिळतच नाही!" त्या स्टडीतून ओरडल्या.

"मग मला का सांगतेस? मी नॉटिंगहॅममध्ये अडकलोय," किचनमधून उत्तर आलं.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. शशिकांतराव ऑन कॉल होते आणि नेमका त्यांच्या पेजरचा सेल संपला. हॉस्पिटलने घरी फोन लावला, फोन मुका. पाऊण तास मुका. त्या पाऊण तासात सुमेधाताई नारळाच्या बागेत होत्या. शेवटी दाराची बेल वाजली. बाहेर टॅक्सीवाला. हॉस्पिटलने डॉक्टरांना न्यायला टॅक्सीच पाठवली होती. पेशंट एक माळीबुवा होते, हात मोडलेले, आणि चहा पीत मजेत बसले होते. पण शशिकांतरावांनी टॅक्सीत बसताना दार जरा जास्तच जोरात लावलं. वर लेक अनुया. वय पंधरा, जन्म इंग्लंडातला. "आई, हे फेअर नाही हां. माझी फोन पण बंद होती. सगळा चूक तुझा आहे." चूक स्त्रीलिंगी असते हे सांगायची ती वेळ नव्हती.

मग लायब्ररी. लायब्ररीत कॉम्प्युटर रोज एक तास मोफत, पण कार्ड हवं. कार्डासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा हवा, स्वतःच्या नावाचा. काउंटरवर ग्रॅहम नावाचा तरुण होता, सभ्य, टाय लावलेला. सुमेधाताईंनी गॅसचं बिल दिलं. डॉक्टर एस. दामले. विजेचं, पाण्याचं, फोनचं. डॉक्टर एस. दामले. कौन्सिल टॅक्स. तेच.

"तुमचं पहिलं अक्षरही एसच आहे," ग्रॅहम आशेने म्हणाला.

"पण मी डॉक्टर नाही," सुमेधाताई म्हणाल्या. इथे खोटं बोलल्या असत्या तर चाललं असतं. पण कायदा वाचून वाचून त्या फार सरळ झाल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी सगळी कपाटं उपसली. चौदा वर्षं या गावात राहिल्या, चौदा वर्षं याच दारातून दूध आत घेतलं, आणि आपण इथे राहतो असं म्हणणारा एक चिठोरा घरात नव्हता. पडदे त्यांनी निवडलेले, बिल डॉक्टरांच्या नावाचं. दुपारभर त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. मग एक पत्र सापडलं. खास त्यांच्या नावाचं, पूर्ण नाव, पत्ता, पोस्टकोड. मिसेस सुमेधा दामले. ते होतं दवाखान्याचं. बायकांची जी एक तपासणी दर तीन वर्षांनी असते, जिच्याबद्दल बायकाही आपसात डोळ्यांनीच बोलतात, तिचं स्मरणपत्र. दुसरं.

दुसऱ्या दिवशी सुमेधाताईंनी ते काउंटरवर ठेवलं, मान ताठ ठेवली आणि समोरच्या भिंतीवरचं बदकांचं चित्र पाहू लागल्या. ग्रॅहमने वाचलं. ग्रॅहम कानापर्यंत लाल झाला. "दिस इज... परफेक्टली फाइन," असं म्हणून त्याने दोन मिनिटांत कार्ड दिलं. हातात कार्ड घेऊन त्या बाहेर पडल्या आणि, इंग्लंडमध्ये काही मिळालं की करतात तसं, त्यांनी स्वतःला एक कप कॉफी पाजली. येताना दवाखान्यात जाऊन अपॉइंटमेंटही घेऊन टाकली. सरकारचं देणं ठेवू नये.

एव्हाना गावातल्या मराठी मंडळात बातमी पसरली होती, आणि मंडळ म्हटलं की सल्ला. पहिला सल्ला कमलाकरकाकांचा. काका साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदार होते आणि आता मुलाकडे राहून नातवाच्या शाळेच्या सहलीच्या परवानगीपत्रातसुद्धा त्रुटी काढायचे.

"सुमेधा, कायदा सगळीकडे एकच गं. माणसं तीच, भांडणं तीच, फक्त बांध बदलतो. आणि एक ऐक. पडद्यावर दिसतं तो कायदा नव्हे. कागदावर उमटतो, दोऱ्याने बांधला जातो, तो कायदा."

दुसरा सल्ला श्रीनिवासचा. पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरवाला, वर्क परमिटवर आलेला आणि घरच्या जेवणावर जगणारा. "काकू, डेटाबेस करूया!" त्याने चौसष्ट साइटना रंग दिले, चांदण्या दिल्या, मध्ये फिरणारा तराजू टाकला आणि ती फाइल रोवेनाला ईमेलने पाठवली. रोवेनाची टपालपेटी एवढीशी. फाइल अडकली, पेटी तुंबली आणि पंधरा दिवस बिचारीला कोणाचंच पत्र मिळेना. मारिटेसने फोनवर चौकशी केली तेव्हा कळलं. श्रीनिवास म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या डेटाबेस बरोबर आहे." आणि त्याने तिसरी पोळी घेतली.

तेव्हा काकांचंच खरं ठरलं. कागद. मारिटेसच्या हॉलमध्ये एक खोकं होतं, माणूस उभा राहील एवढं. परदेशातली प्रत्येक फिलिपिनो बाई असं खोकं वर्षभर भरते: साबण, चॉकलेटं, टॉवेल, डबाबंद मांस, आईसाठी स्वेटर, जिथे स्वेटर लागत नाही तिथे. खोकं मेमध्ये बोटीने जायचं होतं आणि जुलैत पोहोचायचं होतं. सुमेधाताईंनी चौसष्टातून निवडून निवडून अकरा साइट ठेवल्या होत्या. त्या अकरांतलं उत्तम ते छापायचं, असं ठरलं.

म्हणजे बघा. जे जगात कुठेही बसून कोणालाही फुकट वाचता येत होतं, ते नॉटिंगहॅममध्ये कागदावर उतरवून, साबणाबरोबर, समुद्रमार्गे पाठवायचं. हे शशिकांतरावांनी एकदा बोलून दाखवलं. त्यांना त्या दिवशी कालची भाजी मिळाली.

लायब्ररीत एका कार्डावर रोज वीसच पानं छापता येत. मग सीमा धावून आली. सीमा मंडळाची सेक्रेटरी. तिच्याकडे घरी ऑफिससारखा मोठा प्रिंटर होता आणि कुठल्याही कामात उडी घ्यायला ती फक्त निमित्त शोधायची.

"तू वेडी आहेस का गं, लायब्ररीत कसली लाइन लावतेस? माझ्याकडे दे. मी तसंही गणपतीच्या आरत्या छापून ठेवतेय."

"सीमा, एप्रिल चाललाय."

"मग? ऐन वेळी धावाधाव नको."

सीमाच्या घरचा प्रिंटर आठवडाभर धडधडला. सहाशे पानं निघाली. सुमेधाताई रोज थोडी आणत, किचन टेबलावर पसरत आणि पेन्सिल घेऊन वाचत. समासात बारीक अक्षरात लिहायची त्यांची सवय. आयुष्यात त्यांना कोणी शिकवायला बसलं नव्हतं, त्यामुळे शंका विचारायला समासच होता. नंतर खोडून टाकायचं, असा विचार. अनुया मदतीला. "आई, ही कागद कुठे ठेवू?" "हा कागद, राणी. हा तिकडे ठेव."

मेच्या पहिल्या शनिवारी कमलाकरकाका गठ्ठे बांधायला आले. सीमाकडचा शेवटचा गठ्ठा त्याच सकाळी आला होता, तो न वाचताच त्यांच्या हातात गेला. त्यांनी पानांना भोकं पाडली आणि कोर्टात असतो तसा दोरा मागितला. तशा दोऱ्याचं नाव इंग्लंडात कोणी ऐकलं नव्हतं. काकांनी दुकानातल्या फायली पाहून नाक मुरडलं. शेवटी सुमेधाताई वर गेल्या आणि कपाटातून परकराच्या नाड्या घेऊन आल्या. नव्या कोऱ्या, तुळशीबागेतल्या, सात. काकांनी एक नाडी ताणून पाहिली. मग म्हणाले, "पक्की गाठ बसते. चालेल." आणि फिलिपिन्सचा दिवाणी कायदा पुण्याच्या नाडीने आवळला गेला.

खोकं गेलं. कुरिअरची गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा सुमेधाताई हात हलवत होत्या. हात हवेत असतानाच त्यांना आठवलं.

"अहो! पेन्सिल!"

"काय पेन्सिल?"

"खोडायचं राहिलं!"

सहाशे पानं. आणि समासात काय काय लिहिलेलं! हा भाऊ तीस वर्षं बोटीवर होता तर एक पत्र का नाही लिहिलं? त्याच्या आईला विचारा. न्यायाधीशांनी या बाईचं म्हणणं तीन ओळींत का उरकलं? मोठ्या भावाने झाडं लावली, त्याचं काय? हिची सून खोटं बोलते आहे असं मला वाटतं. एका जागी तर नुसतं: बिचारी. आणि तेही मोडक्या इंग्रजीत, दोनदा अधोरेखित. एका होणाऱ्या वकिलीणबाईंना त्यांनी हे धाडलं होतं. जुलैत "पोहोचलं, थँक यू" एवढा निरोप मारिटेसमार्फत आला. आणखी काही नाही. सुमेधाताईंना ते "थँक यू" फार थंड वाटलं. त्यांनी पुढे कुंपणापलीकडे बोलणं कमी केलं. मारिटेसच्या हॉलमध्ये टेबलावर तो नर्सिंग होमचा फॉर्म असायचा, तो त्यांना बघवत नसे. आपण मुलीचे दोन महिने चिल्लर शंकांनी खाल्ले, असं त्यांच्या मनाने घेतलं.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती बसला. रविवारी हॉलमध्ये आरती. इथली मुलं मराठी वाचू शकत नाहीत, म्हणून सीमा आरत्या इंग्रजी अक्षरांत छापते, जोडलेली तीन-तीन पानं. मुलांना अर्थ कळत नाही. समोर जे येईल ते ती चालीवर म्हणतात. पहिलं पान झालं. टाळ वाजत होते. पान उलटलं, आणि चाळीस मुलांनी, जराही न अडखळता, त्याच चालीवर इंग्रजीत गायला सुरुवात केली की सामाईक मालमत्तेतील प्रत्येक सहहिस्सेदारास आपल्या हिश्श्याची पूर्ण मालकी राहील. अनुया पुढे होती. तिने चाल सोडली नाही. "सहहिस्सेदारास" पाशी मंडळींनी सवयीने टाळ्याही धरल्या. कमलाकरकाकांनी डोळे मिटून मान डोलावली.

सीमाने सुमेधाताईंकडे पाहिलं. सुमेधाताईंनी गणपतीकडे पाहिलं. गणपतीने कोणाकडेच पाहिलं नाही.

"म्हणजे ते कलमच मी सगळ्यांसाठी छापलं, आणि आपलं दुसरं पान..." सीमा म्हणाली.

"इलोइलोला," सुमेधाताई म्हणाल्या. "चाळीस प्रती."

तो बारचा तिसरा रविवार होता. आता एकच बाकी होता, हे त्या दिवशी हॉलमध्ये कोणालाच आठवलं नाही.

निकाल मार्च संपता संपता लागतो आणि तोही इंटरनेटवर, नावांची लांबलचक यादी. मारिटेस ड्यूटीवर होती. तिने सकाळी सुमेधाताईंच्या हातात आडनाव लिहिलेली चिठ्ठी दिली. "आते, तुम्ही बघा. माझ्याने बघवणार नाही." सुमेधाताई स्वतःच्या कार्डावर लायब्ररीत बसल्या. यादी वरून खाली अशी येत होती की तांदूळही एवढा सावकाश कोणी निवडला नसेल. कोपऱ्यात उरलेली मिनिटं दिसत होती. नऊ. सात. विल्यानुएवा हे आडनाव असल्याबद्दल त्यांनी मारिटेसच्या वाडवडिलांना मनात दोन शब्द ऐकवले. चार. व्हीचं पान उघडलं आणि नावं वरून खाली उतरली. एक विल्यानुएवा, पण दुसरीच. दुसरा, पुरुष. तिसरं नाव रोवेना.

ग्रॅहम धावत आला, कारण दामले मॅडम लायब्ररीत रडत होत्या. "इज इट बॅड न्यूज?"

"नो, नो," त्या म्हणाल्या. "शी इज इन द लिस्ट." त्याने स्वतःहून दहा मिनिटं वाढवून दिली.

मेमध्ये पोस्टमनने एक जाड पाकीट आणलं. वर पूर्ण नाव: मिसेस सुमेधा दामले. आत रोवेनाचं पत्र होतं.

आते, तुमच्या अकरांपैकी नऊ साइट आमच्या कॉलेजच्या नोटीसबोर्डावर पहिल्या वर्षापासून लावलेल्या होत्या, हे तुम्हाला कसं सांगावं ते मला तेव्हा कळेना, म्हणून मी गप्प राहिले, असं तिने लिहिलं होतं. निकाल मी सगळे आधी वाचले होते. पाठ केले होते. पण ती माणसं तीस वर्षं गप्प का बसली, हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. तुमच्या प्रत्येक शंकेचं उत्तर मी वहीत लिहिलं. बोटीवरच्या त्या भावाचं उत्तर लिहायला तीन दिवस लागले. तुम्ही विचारलंत ते कायदाही विचारतो: इतका उशीर का? हक्क असून झोपून राहिलास का? परीक्षेत तसाच प्रश्न आला, बोटीऐवजी दुबई होती. आणि आते, सुनेबद्दल तुमचं बरोबर आहे. ती खोटंच बोलत होती. एक पान मात्र कुठल्या कलमाचं ते लागलं नाही, त्याच्या चाळीस प्रती होत्या. आजी म्हणाली, ज्याच्या शेवटी तीच ओळ पुन्हापुन्हा येते ती प्रार्थनाच असणार. म्हणून चारही रविवारी खिशात ठेवलं होतं.

पत्राखाली काही टाइप केलेले कागद होते, कोपऱ्यातल्या भोकांतून तुळशीबागेतल्या नाडीने बांधलेले. पक्की गाठ. वर चिठ्ठी: हा माझा पहिला दावा. माणसांची नावं बदलली आहेत. कोर्टात द्यायच्या आधी तुम्ही वाचा. समास मुद्दाम मोठा सोडलाय.

शशिकांतरावांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "हे जपून ठेव. कोणी पत्त्याचा पुरावा मागितला तर आता दवाखान्याचं दाखवायला नको."

"हो," सुमेधाताई म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला सरकवलं, पहिलं पान जवळ ओढलं आणि चार ओळी वाचून झाल्यावर मान वर केली.

"अहो, ह्या बाईचा धाकटा दीर कुठे गेला मधेच?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला नाही विचारत," असं म्हणून त्या पेन्सिलीला टोक काढू लागल्या.